होमच्या आधी

मंगळवारी संध्याकाळी ग्रिम्सबीच्या वाचनालयात,
वरच्या मजल्यावर, गळक्या रेडिएटरपाशी
सात जणं बसतात, लिंबाच्या साबणाने बोटं घासून आलेली.
तरी खोलीला हॅडकचा वास येतोच.

बेरिल ऑटवे फळ्यावर लिहिते:
अ. ॲन. द.
"एवढुस्से आहेत," ती म्हणते, "मिठासारखे.
विसरलात तर वाक्य अळणी,
जास्त पडले तर तोंडात घालवत नाही."

वेल्टाच्या लाटवियन भाषेत चाकू म्हणजे चाकू.
कुठला, ते डोळे सांगतात.
बोगुमिलच्या पोलिशमध्येही तसंच,
आणि नानुलीच्याही, जिने जॉर्जिया म्हटलं
की लोक तिला अमेरिकेतली समजतात.

"पट्ट्यावरून मासा येतो, हजारांतला कुठलाही.
अ हॅडक.
त्याच्या जबड्यात गळ रुतलेला तुम्हाला दिसला,
तुम्ही शेजारणीला कोपराने ढोसून दाखवलात,
की तो द हॅडक.
ओळख झाली की द."

"मग फोरमन ॲन ॲडक का म्हणतो?"
"कारण तो ह गिळतो. या गावात सगळेच गिळतात.
ह गिळलात तर ॲन लावा.
गिळल्याचं कबूल करा, एवढंच."

बोगुमिल हसत नाही.
रविवारी तो भावाला भेटायला तुरुंगात गेला होता,
आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये सांगून बसला,
आय वॉज इन प्रिझन.
शेजारच्या दोघांनी खुर्च्या सरकवल्या.
ध चा मा झाला की काय होतं, आपल्याला ठाऊक आहे;
इथे तर अक्षर बदललंही नाही,
नुसतं राहून गेलं.

"जो आतला झाला त्याला द नको," बेरिल सांगते.
"आजारी माणूस इन हॉस्पिटल,
द्राक्षं घेऊन जाणारा ॲट द हॉस्पिटल.
द म्हणजे पाहुण्याचा बिल्ला."

"आणि समुद्र?" वेल्टा विचारते.

बेरिल मार्करला टोपण लावते. काढते. परत लावते.
"आइसक्रीम खात कठड्याशी उभे असतात
ते द सी बघतात.
माझे वडील टू सी जायचे.
मध्ये काही नाही.
मी नऊ वर्षांची असताना गेले, ते शेवटचे.
व्याकरणाने पाहिलं तर अजून ॲट सी आहेत."

कुणी लिहून घेत नाही.
मग बोगुमिल लिहून घेतो.

जाताना गृहपाठाच्या वह्या परत मिळतात.
कुटुंबावर सहा वाक्यं होती.
वेल्टाच्या चौथ्या वाक्यात,
माय मदर इज इन होम,
बेरिलने लाल शाईची छोटी टोपी काढून
मध्ये अ बसवलाय.

इन अ होम.
एवढ्या एका अ ने आईला खिडकीतल्या खुर्चीवरून उचललं
आणि नेऊन बसवलं लिएपायाच्या त्या पिवळ्या कॉरिडॉरमध्ये,
नावाची पट्टी चिकटवलेल्या प्लास्टिकच्या मगांपाशी,
चाळीस म्हाताऱ्यांमधली एक.
हजारांतली कुठलीही.

वेल्टा अ विसरली नव्हती.

स्टॉपवर वारा असा की वही मिटतच नाही.
शेवटची बस येते. ड्रायव्हर तिला चेहऱ्याने ओळखतो.
"गोइंग होम, लव्ह?"
बिनचूक. आधी काही नाही.
कुठलं, ते त्या जागी विचारायचंच नसतं.
चिप्सच्या दुकानावरची ती खोली,
जिच्या उशीला तळणाचा वास,
की ते, ज्याची किल्ली आता मामेभावाकडे.

मागे रांग खोळंबलीय.
"अ सिंगल," वेल्टा म्हणते, नाणी मोजत.
"अ सिंगल, प्लीज."